गोड्या पाण्यातील मासे व अन्नजाळे : हवामानबदलाचे परिणाम

नद्या, तळी, सरोवरे व पाणथळ जागा यांतील भक्ष्य-भक्षक संबंधांवर तापमानवाढ, पर्जन्यमानातील फेरफार व त्यांच्या जोडीने घडणारे पर्यावरणीय बदल यांचा होणारा परिणाम. नद्या व सरोवरे यांनी पृथ्वीच्या पृष्ठभागाचा अगदी अल्प भाग व्यापला असला, तरी माशांच्या ज्ञात जातींपैकी जवळपास निम्म्या जाती गोड्या पाण्यात राहतात. समुद्रातील मासा पाणी तापले की ध्रुवांकडे किंवा खोल सरकू शकतो. सरोवरातल्या माशाला किनारा ओलांडता येत नाही, आणि नदीतल्या माशाची वर थंड पाण्याकडे जाणारी वाट बहुधा धरणाने अडवलेली असते. म्हणून तापमानातील थोडी वाढही येथे मोठी ठरते.

उष्णता व ऑक्सिजन : मासे सर्वसाधारणपणे अनियततापी (शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानानुसार बदलणारे) असल्याने पाणी तापले की त्यांचा चयापचय वाढतो व ऑक्सिजनची गरजही वाढते. नेमकी त्याच वेळी पाण्याची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता घटते. संपृक्त गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये ०° से. ला सुमारे १४.६ मिग्रॅ., २०° से. ला ९.१ मिग्रॅ. आणि ३०° से. ला साधारण ७.५ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो.

समशीतोष्ण प्रदेशातील खोल सरोवरात उन्हाळ्यात गरम, हलके पाणी वर तरंगते आणि थंड, जड पाणी तळाशी राहते. मधला संक्रमणथर या दोहोंची सरमिसळ होऊ देत नाही. वरून मेलेले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खाली पडत राहते, तळाचे जीवाणू ते कुजवतात आणि तेथील ऑक्सिजन संपत जातो. शरद ऋतूत थर मोडेपर्यंत त्याची भरपाई होत नाही. उन्हाळा लांबला की हा कोंडमाराही लांबतो. ट्राउट व चार (char) यांसारख्या थंड पाण्याच्या माशांना वरचा थर सोसवत नाही आणि खालच्या थरात श्वास घेता येत नाही. उरते ती मधली अरुंद पट्टी. तिथे हे मासे दाटीने जमतात आणि भक्षक व जाळी दोघांनाही सहज सापडतात. समशीतोष्ण प्रदेशातील ३९३ सरोवरांच्या १९४१ ते २०१७ या काळातील नोंदींचे विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पृष्ठभागाजवळील ऑक्सिजन ५.५ टक्क्यांनी, तर खोल पाण्यातील १८.६ टक्क्यांनी घटला आहे. पृष्ठभागावरील घट मुख्यत्वे विद्राव्यता कमी झाल्याने, तर खोलवरील घट थर अधिक पक्के झाल्याने व पाण्याची पारदर्शकता घटल्याने झाली, असे त्यात दाखवले आहे.

आकारमानातील घट व तिच्या कारणांचा वाद : उबदार पाण्यात वाढलेले मासे लवकर प्रौढ होतात, पण प्रौढावस्थेत लहान राहतात, असे बऱ्याच जातींत आढळते. उष्ण रक्ताच्या प्राण्यांबाबत असाच नियम जर्मन जीवशास्त्रज्ञ कार्ल बेर्गमान यांनी १८४७ मध्ये मांडला होता. परंतु तो शरीरातील उष्णता टिकवण्याशी निगडित असल्याने माशांना जसाच्या तसा लावता येत नाही. डेव्हिड ॲटकिन्सन यांनी १९९४ मध्ये अनियततापी सजीवांवरील प्रयोग एकत्र तपासून हा कल बहुसंख्य उदाहरणांत दाखवला. फ्रान्समधील नद्यांतल्या माशांच्या दीर्घकालीन नोंदींवर अंशतः आधारलेल्या २००९ मधील एका अभ्यासातही तो दिसला.

कारणाविषयी मात्र एकमत नाही. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनिएल पॉली यांच्या मते कल्ल्यांचे क्षेत्रफळ शरीराच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे मोठ्या माशाला ऑक्सिजन अपुरा पडू लागतो आणि तापलेल्या पाण्यात ही मर्यादा लवकर गाठली जाते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ हान्स-ओट्टो प्योर्टनर यांनी ऑक्सिजन पुरवण्याच्या क्षमतेची मर्यादा ही उष्णतासहिष्णुतेचीच मर्यादा मानली. याउलट २०१७ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या एका गटाने असा आक्षेप घेतला की, कल्ले हा साधा गोलाकार पृष्ठभाग नव्हे. त्यांच्या घड्या माशाच्या गरजेनुसार वाढू शकतात, म्हणून भूमितीवर आधारलेले हे स्पष्टीकरण टिकत नाही. मोठे मासे निवडून पकडल्यानेही सरासरी आकार घटतो, हेही विसरता येत नाही. आकारातील घट जमिनीवरील प्राण्यांपेक्षा जलचरांत अधिक तीव्र आढळते, ही बाब ऑक्सिजनच्या बाजूला झुकणारी आहे. तरी कल्ल्यांची मर्यादा हेच एकमेव कारण धरण्यापेक्षा ऑक्सिजन, अन्नपुरवठा व प्रौढ होण्याचे वय यांचा एकत्र विचार करणे अधिक सयुक्तिक वाटते. अन्नजाळ्यावरील परिणाम कारण कोणतेही असले तरी सारखाच : लहान मासा लहान भक्ष्य खातो, कमी अंडी घालतो आणि स्वतः अधिक भक्षकांच्या तोंडी पडतो.

वेळेची चुकामूक : अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलांना पहिल्या काही दिवसांत अन्न मिळाले नाही तर पूर्ण पिढी बुडते, ही कल्पना नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये सागरी माशांसंदर्भात मांडली. डेव्हिड कुशिंग यांनी पुढे तिला भक्ष्य व भक्षक यांच्या हंगामी वेळा जुळण्या-न जुळण्याचे रूप दिले. गोड्या पाण्यातील तिचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील सिॲटलजवळचे वॉशिंग्टन सरोवर. १९६२ पासूनच्या नोंदींनुसार तेथील वसंतातील डायाटमांचा (सूक्ष्म एकपेशीय शैवलांचा) बहर सुमारे वीस दिवस अलीकडे सरकला. केराटेला हा रोटिफर (सूक्ष्म प्राणिप्लवक) या बदलाबरोबर सरकला. डॅफ्निया ही जलपिसू मागे राहिली. डॅफ्नियाची टिकाऊ अंडी हिवाळाभर तळाच्या गाळात पडून असतात आणि त्यांच्या उबण्यावर तापमानाबरोबर दिवसमानाचाही प्रभाव असतो. दिवसमान काही तापमानवाढीने बदलत नाही. पिसू पाण्यात येईपर्यंत बहर ओसरू लागलेला असतो, आणि या पिसवांवर वाढणाऱ्या सॅमनच्या पिलांपर्यंत ही तूट पोचण्याची शक्यता असते. या सरोवरात येणारे सांडपाणी १९६० च्या दशकात वळवण्यात आले होते, त्यामुळे पोषकद्रव्यांतील बदल वेगळा काढूनच हे आकडे वाचावे लागतात.

अन्नाचा दर्जाही महत्त्वाचा आहे. डायाटमांमध्ये माशांना आवश्यक असणारी लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात, तर उबदार, पोषकद्रव्ययुक्त पाण्यात फोफावणारे नील-हरित शैवल त्या बाबतीत निकृष्ट असते. पाणी हिरवेगार दिसते, पण त्यात वाढणाऱ्या प्राणिप्लवकाची उपासमार होते.

टांगानिका सरोवर : सुमारे १,४७० मी. खोल असलेल्या या आफ्रिकी सरोवराच्या खोल पाण्यात ऑक्सिजन कायमच नसतो. पोषकद्रव्ये मात्र तेथेच साठलेली असतात. वाऱ्यामुळे ती वर आली तरच प्लवक, त्यावर जगणारे सार्डिनसदृश छोटे मासे आणि त्यांना खाणारे लेटिस प्रजातीचे मासे ही साखळी चालते. पाणी तापल्याने व वारे मंदावल्याने प्राथमिक उत्पादन सुमारे २० टक्क्यांनी घटले असावे आणि त्यानुसार मत्स्योत्पादनात सुमारे ३० टक्के घट संभवते, असा निष्कर्ष २००३ मध्ये गाळातील कार्बन समस्थानिकांवरून (कार्बनच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या प्रमाणावरून) काढण्यात आला. त्यावर काही मत्स्यतज्ज्ञांनी हरकत घेतली : पकडीतील चढउतार मासेमारीच्या पद्धतीतील बदलांनीही समजावता येतात. २०१६ मध्ये गाळातील माशांचे अवशेष मोजून, ही घट विसाव्या शतकाच्या मध्यात व्यापारी मासेमारी सुरू होण्यापूर्वीच सुरू झाली होती, असे दाखवण्यात आले. हा पुरावा वजनदार आहे. त्याने अलीकडच्या काळातील मासेमारीचा वाटा मात्र नाकारला जात नाही. चार देशांतील लाखो लोकांच्या ताटातील प्रथिने या सरोवरातून येतात, म्हणून कारणांची ही विभागणी नुसती पांडित्याची बाब नाही : जाळी आवरली तरी वारा परत आणता येत नाही.

इतर बदल : रशियातील बैकल सरोवरात १९४६ पासून पृष्ठजल सुमारे १.२° से. तापले व डॅफ्नियासारख्या व्यापक प्रसार असलेल्या पिसवांची संख्या वाढली. उत्तर गोलार्धातील अनेक तळी तपकिरी होत आहेत. याचे श्रेय पूर्वी तापमानवाढीला दिले जाई, आता युरोप व उत्तर अमेरिकेत आम्लवर्षा घटल्याने मातीतून सेंद्रिय कार्बन अधिक सुटतो हे कारण अधिक ग्राह्य मानले जाते. अशा पाण्यात प्रकाश खोल जात नाही आणि तळावरील शैवल व त्यावर जगणारे मासे घटतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०२३ मधील मूल्यमापनानुसार गोड्या पाण्यातील माशांच्या तपासलेल्या जातींपैकी एक चतुर्थांश धोक्यात असून त्यांतील किमान १७ टक्के जातींवर हवामानबदलाचा परिणाम होत आहे.

उपाय : काठावरील झाडांची सावली, भूजलाचे झरे वाहते ठेवणे आणि उपनद्यांची तोंडे मोकळी ठेवणे यांमुळे नदीत थंड पाण्याचे आसरे टिकतात. सांडपाणी व खते रोखल्यास तळाशी ऑक्सिजनची मागणी कमी होते. धरणाच्या तळातून थंड पाणी सोडण्याचा उपाय जपून वापरावा लागतो. ते पाणी ऑक्सिजनहीन असू शकते आणि उबदार पाण्यात अंडी घालणाऱ्या जातींचा विणीचा हंगाम त्याने बिघडतो.