स्वस्त विजेची वेळ रात्रीकडून दुपारकडे कशी सरकली

इलेक्ट्रिक गाडी घेतली की पहिला सल्ला मिळतो तो ‘रात्री चार्जिंगला लाव’ हा. सोयीचा आहेच. पण रात्रीची वीज स्वस्त, ही समजूत कोळशाच्या काळातली आहे.

चंद्रपूर किंवा कोराडीच्या कोळशाच्या वीज केंद्रातला संच पंख्यासारखा बंद-चालू करता येत नाही. बॉयलर एकदा गार पडला की पुन्हा तापवायला कित्येक तास जातात, वर तेल जाळावं लागतं ते वेगळंच. म्हणून रात्री मागणी घसरली तरी संच कमी भारावर चालूच ठेवायचे आणि ती वीज कुणाच्या तरी गळ्यात घालायची. कारखान्यांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत मिळायची, ती यामुळेच. शेतकऱ्यालाही आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच पाळी. थंडीत, बॅटरीच्या उजेडात, साप-बिबट्याची धास्ती घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणाऱ्या माणसाने या व्यवस्थेची सगळ्यात जास्त किंमत मोजली, असं माझं स्पष्ट मत आहे. संध्याकाळी मागणी चढली की वीज बनवायला कोयना धरणाचं पाणी हाताशी होतं, पण तेही बेताने वापरायचं, कारण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे.

गाड्यांचं चार्जिंग या घड्याळात आलं २०१८ साली. २००३च्या वीज कायद्यानुसार वीज विकायला परवाना लागतो. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नव्हे, ती सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८मध्ये केला आणि कुणालाही स्टेशन उघडण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी राज्य वीज नियामक आयोगाने चार्जिंग स्टेशनांसाठी वेगळी वर्गवारी करून युनिटला ६ रुपये दर लावला. सवलत मात्र जुनीच, रात्रीची. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात पीएमपीच्या पहिल्या २५ ई-बस रस्त्यावर आल्या.

तोवर सूर्याने गणित फिरवायला घेतलं होतं. २०१०मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हा सौर वीज महागडी हौस वाटायची. मे २०१७मध्ये राजस्थानातल्या भाडला इथल्या लिलावात दर युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आला. प्रकल्प वाढले तशी भर दुपारी विजेची रेलचेल होऊ लागली. सूर्य कलला की तासा-दोन तासांत ती आटते, आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, एसी सुरू होतात. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड चालकांनी हे चित्र २०१३मध्येच आलेखावर मांडलं होतं. आलेखाचा आकार बदकासारखा, म्हणून नावही तेच पडलं.

मग नियम बदलले. सौर तासांत, म्हणजे दिवसा ऊन असतानाच्या वेळेत, विजेचा दर किमान २० टक्के कमी ठेवावा, असं केंद्राने जून २०२३मध्ये ठरवलं. सप्टेंबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी सार्वजनिक चार्जिंग स्टेशनांसाठी सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेतला दर सरासरी पुरवठा खर्चाच्या (एक युनिट ग्राहकापर्यंत पोचवायला येणाऱ्या सरासरी खर्चाच्या) ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट केला. महाराष्ट्रात जुलै २०२५पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत सवलत लागू झाली. शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौरऊर्जेवर नेण्याचं काम राळेगणसिद्धीपासून २०१७मध्येच सुरू झालं होतं. दिवसा वीज मागणाऱ्या शेतकऱ्याला दिवस मिळू लागला तो असा.

अडचण जागेची आहे. दुपारी गाडी असते ऑफिसच्या पार्किंगमध्ये आणि चार्जर असतो सोसायटीत. तिथे तो बसवण्यासाठी माणसाने किती सभा झेलल्या, मीटरपासून वायर ओढताना किती ना-हरकती गोळा केल्या, हे ज्याचं त्याला ठाऊक. ऑफिसात मात्र फार खर्चिक यंत्रणा लागत नाही. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर धरलं तर छोट्या कारला साधारण ६ युनिट लागतात. १५ अँपिअरचा साधा सॉकेट ३.३ किलोवॅट देतो. म्हणजे दोन तासही लागत नाहीत, आणि गाडी तर तिथे आठ तास उभी असते.