गॅलिक मीडियम आणि गॅलिक विषय: शाळा एकच, भानगड वेगळी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची रांग आहे. तिथली जुनी स्थानिक भाषा म्हणजे गॅलिक. तिथल्या हायस्कूलबद्दल कुठे वाचलं की "इथे गॅलिक शिकवतात" एवढंच असतं, आणि आपण धरून चालतो की पोरं सगळं गॅलिकमधूनच शिकतात. तसं काही नाहीये. एकाच शाळेत गॅलिक मीडियम (गॅलिकमधून शिकणारे) आणि गॅलिक लर्नर्स (गॅलिक फक्त एक विषय म्हणून शिकणारे) असे दोन प्रकार चालतात.

आपल्याकडे दहावीला मराठी मीडियमला कुमारभारती आणि इंग्लिश मीडियमला अक्षरभारती असतं ना, साधारण तसंच. तिकडेही बोर्डाचे विषयच दोन आहेत. मीडियमवाल्यांच्या पेपरात उतारा गॅलिक, प्रश्न गॅलिक, उत्तरंही गॅलिकमध्येच लिहायची, शिवाय गॅलिक साहित्याचा अभ्यास वेगळा. लर्नर्सच्या पेपरात उतारा गॅलिक पण उत्तरं इंग्लिशमध्ये, आणि हायर लेव्हलला (साधारण आपली अकरावी-बारावी) गेलात की एक तुकडा इंग्लिशमध्ये भाषांतर करायला येतो. म्हणजे फ्रेंच किंवा जर्मन घेतात तसं.

मीडियमची गाडी पकडायची तर पहिलीपासूनच. सुरुवातीची दोन-तीन वर्षं वर्गात सगळं गॅलिकच, इंग्लिश वाचन नंतर येतं. ही पद्धत 1985 ला ग्लासगो आणि इन्व्हरनेसमध्ये सुरू झाली, बेटांवर त्यानंतर. लर्नर्सचं तसं नाही, हायस्कूलला आल्यावर बाराव्या वर्षी शून्यापासून सुरू केलं तरी चालतं.

पण खरी गंमत हायस्कूलमध्येच आहे. प्रायमरीत एकच बाई दिवसभर गॅलिक बोलतात, हायस्कूलला प्रत्येक विषयाचे सर वेगळे, मग इतिहासवाल्यांना गॅलिक येत असेल तर इतिहास गॅलिकमधून आणि फिजिक्सवाल्यांना येत नसेल तर फिजिक्स इंग्लिशमधून, संपला विषय. नॅशनल 5 ला (साधारण आपल्या दहावीसारखी परीक्षा) गणित, इतिहास, भूगोल वगैरेचे पेपर गॅलिकमधून देता येतात, पण शिकवणारं कोणीतरी हवं ना! छोट्या बेटावर एका विषयाला एखादाच शिक्षक, तो बदलून गेला की विषय इंग्लिशमध्ये. यावर उपाय म्हणून 2016 पासून ई-स्गॉल नावाची ऑनलाइन शाळा आहे, बेटांवरच्या स्टॉर्नोवे या मुख्य गावातून ऑनलाइन वर्ग घेतात. तरीही कागदावर "मीडियम" असलेल्या पोराचा अर्धा दिवस इंग्लिशमध्ये जाऊ शकतो, आणि माझ्या मते पालकांनी पाटी बघूच नये, हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाला नेमके किती विषय गॅलिकमधून आहेत ते थेट विचारावं.

बेनबेक्युला बेटावरची लिनिक्लेटची शाळा बघा. 1988 ला सुरू झाली, त्याआधी युइस्टकडच्या (बेनबेक्युलाच्या उत्तर-दक्षिणेची शेजारची बेटं) पोरांना पुढच्या शिक्षणासाठी घर सोडून स्टॉर्नोवेला नाहीतर मेनलँडला हॉस्टेलवर राहावं लागायचं. आता उत्तरेला बर्नरेपासून दक्षिणेला एरिस्केपर्यंत बेटं समुद्रातल्या बांधरस्त्यांनी जोडलीयेत, पोरं घरून ये-जा करतात. स्विमिंग पूल, लायब्ररी, म्युझियम सगळं शाळेच्याच इमारतीत, गावकऱ्यांनाही खुलं. हे मला फार आवडलं. आणि मीडियम, लर्नर्स दोन्ही याच छपराखाली.

अजून एक गैरसमज म्हणजे बेटावरचं पोर आहे म्हणजे गॅलिक येणारच. 2022 च्या जनगणनेत इथेसुद्धा गॅलिक बोलणारे निम्म्याच्या खाली गेले. त्यामुळे आजी गॅलिक बोलणारी आणि नातू लर्नर्सच्या वर्गात, हे तिकडे होऊ शकतं. याच घसरणीच्या काळात, 2020 ला, बेटांच्या स्थानिक कौन्सिलने ठरवलं की पहिलीत येणाऱ्या मुलाला आपोआप गॅलिक मीडियम, इंग्लिश हवं असेल तर पालकांनी तसं सांगायचं. आधी उलटं होतं, गॅलिक मागून घ्यावं लागायचं. पण हा नियम प्रायमरीचा, हायस्कूलची शिक्षकांची अडचण त्याने सुटत नाही.

आणि पहिलीपासून शेवटच्या वर्षापर्यंत अख्खी शाळाच गॅलिक हवी असेल तर? ती बेटावर नाही मिळायची, ती 2006 पासून ग्लासगो शहरात आहे.