गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये?

रात्रीचा स्वयंपाक सुटसुटीत करायचा तर एका दिवशी जास्तीचं शिजवून दुसऱ्या दिवशी वापरणं सगळ्यात सोपं. पण "पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचं नाही" हा समज आडवा येतो आणि पातेलं रात्रभर ओट्यावरच राहतं. फ्रिज म्हणजे बर्फाची पेटी होती तेव्हा ते ठीक होतं, गरम भांड्याने बर्फच वितळायचा. आजच्या फ्रिजला तेवढी ऊब झेपते.

खरा धोका ओट्यावर आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसमध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात. भाताचं तर विशेष जपावं: बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपं) शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तसाच राहिला तर त्यांच्यातून वाढणारे जिवाणू जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणजे "सकाळी चांगलं उकळून घेऊ" हा उपायही फसवाच.

वाफ ओसरली की, फार तर दोन तासांत, अन्न फ्रिजमध्ये जायला हवं. मोठं पातेलं मात्र तसंच कोंबू नका. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पसरट, उथळ डब्यांत काढा, शेजारी हवा खेळू द्या. खाताना हवं तेवढंच काढून वाफाळेपर्यंत गरम करा.