पार्श्वभूमी : प्रत्येक स्पीकरचं घड्याळ वेगळं

२०२२च्या जानेवारीत, गूगलचे स्पीकर घरभर लावून बसलेल्या लोकांच्या फोनवरचं आवाजाचं बटण अचानक निकामी झालं. गाणं चालू, चारही खोल्यांत एकदमच चालू, पण सगळीकडचा आवाज एका दमात कमी करायची सोय गेली. आता एकेका स्पीकरची पट्टी वेगळी सरकवायची. हा बिघाड नव्हता. पेटंटच्या एका निकालातून वाट काढायची म्हणून कंपनीने ती सोय स्वतःच काढून टाकली होती. आवाजाच्या बटणावरून खटला कसा होतो हे समजायचं तर वीसेक वर्षं मागे जावं लागतं, आणि त्याच्याही आधी थोडं वायरींच्या जमान्यात.

वायर होती तोवर हा प्रश्नच नव्हता. मांडवातल्या एका अँप्लिफायरवरून गल्लीभर दहा कर्णे टांगले की दहाही एकाच क्षणी वाजणार. तरीही गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की आरतीची ओळ दोनदा ऐकू यायची, पण तो दोष वायरीचा नाही, हवेचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो. पन्नास मीटर लांबचा कर्णा जवळच्या कर्ण्याच्या मागे जवळपास दीडशे मिलिसेकंद रेंगाळतो. रेडिओचंही तसंच. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुणे केंद्राच्या बातम्या चाळीतल्या प्रत्येक खोलीत लागायच्या आणि दूध आणायला निघालेल्या माणसाला जिना उतरेपर्यंत वाक्य सलग ऐकू यायचं. कुणी काही जुळवलेलं नसायचं. आता तीच चाळ क्रिकेट मोबाइलवर बघते आणि शेजारच्या घरातला ‘आउट!’ आपल्या पडद्यावर गोलंदाज धावायला लागायच्या आधीच येतो.

फरक पडला तो आवाज आकड्यांत साठवायला लागल्यापासून. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० आकडे. हे आकडे किती वेगाने बाहेर सोडायचे ते प्रत्येक स्पीकरमधला क्वार्ट्‌झचा इवलासा क्रिस्टल ठरवतो, आणि कोणतेही दोन क्रिस्टल हुबेहूब एका वेगाने धडधडत नाहीत. दहा लाखांत पन्नासाचा फरक म्हणजे नेहमीच्या मालात काहीच नाही. पण तेवढ्यावर दोन स्पीकर एका तासात १८० मिलिसेकंदांनी फाकतात, म्हणजे गल्लीतल्या कर्ण्यांइतके. दोन्हीकडे गाणं अगदी एका टिचकीसरशी सुरू केलं तरी तिसऱ्या-चौथ्या गाण्याला गायक स्वतःलाच साथ द्यायला लागतो. वायफाय, सिग्नल, राउटर यांना सगळे शिव्या घालतात. माझ्या मते त्यांचा वाटा निम्मासुद्धा नाही. मूळ दुखणं घड्याळाचं.

इथे ‘सिंक’ या शब्दाचा गुंता सोडवून घ्यायला हवा, कारण दुकानदार, गिऱ्हाईक आणि खोक्यावरचा मजकूर हे तिघं तो तीन अर्थांनी वापरतात.

पहिला अर्थ, दोन खोल्यांत गाणं एकत्र वाजणं. याला माणसाचा कान बराच उदार आहे. तोच आवाज वीस-तीस मिलिसेकंदांच्या आत पुन्हा आला तर मेंदू दोन्ही एकत्र करून टाकतो. या परिणामावरचा गाजलेला प्रबंध १९४९चा आहे. त्यामुळे हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात दहा मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तरी कळत नाही. तसंही तीन-साडेतीन मीटर चाललं की तेवढा फरक हवाच पाडते.

दुसरा अर्थ, एकाच खोलीतली डावी-उजवी जोडी. तिथे कानाची उदारता संपते. एका बाजूचा आवाज एक मिलिसेकंद जरी आधी आला तरी गायक मधून सरकून त्या बाजूच्या भिंतीला जाऊन टेकतो. त्यामुळे ‘मल्टी-रूम’, म्हणजे अनेक खोल्यांत एकत्र वाजणं, जमणाऱ्या सगळ्याच स्पीकरांना जोडी जमते असं नाही. ॲपलचा होमपॉड फेब्रुवारी २०१८मध्ये दुकानात आला तेव्हा त्याला यातलं काहीच जमत नव्हतं. दोन्ही गोष्टी मे महिन्यातल्या अपडेटने आल्या.

तिसरा अर्थ सगळ्यात घोटाळ्याचा. टीव्हीवरच्या माणसाचे ओठ आणि स्पीकरमधला आवाज जुळणं. हे खरं तर सिंक नव्हे, हा उशीर आहे, ज्याला लेटन्सी म्हणतात. आणि पहिल्या दोन अर्थांनी उत्तम असलेली व्यवस्था या तिसऱ्यात मुद्दाम नापास होते. वायफायवर एखादं पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, हरवतं, पुन्हा मागवावं लागतं, शेजाऱ्याचा राउटर मध्ये बोलतो. या सगळ्याला पुरून उरायचं तर गाणं आधीच थोडं साठवून ठेवायचं आणि ठरल्या क्षणी सोडायचं. ॲपलच्या जुन्या एअरप्लेत, म्हणजे वायफायवरून स्पीकरला गाणं पाठवायच्या पद्धतीत, ही शिदोरी दोन सेकंदांची होती. दोन सेकंद उशिरा पण सगळीकडे एकदम, असा तो सौदा. गाण्याला चालतो, कारण गाणं आपण दाबल्यावर दोन सेकंदांनी सुरू झालं तर बिघडत नाही. मॅचला चालत नाही. ‘सिंक होत नाही’ म्हणून परत आलेल्या मालात ही गल्लत किती असेल, याचा माझा एक अंदाज आहे, पण तो राहू दे.

आता इतिहास. अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने २००१मध्ये स्लिम्पथ्री नावाची डबी आणली: गाणी घरातल्या संगणकावर, डबी हॉलमध्ये, मध्ये नेटवर्कची वायर. तिचा वायफायवाला अवतार म्हणजे स्क्वीझबॉक्स. गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर खुलं होतं, त्यामुळे जगभरच्या हौशी मंडळींनी त्यात हात घातले. एकाहून अधिक डब्या जुळवायचं काम तो संगणक करायचा: कोणती डबी कुठवर पोचली हे विचारत राहायचं, पुढे गेलेलीला किंचित थांबवायचं. २००४च्या उन्हाळ्यात ॲपलने भिंतीच्या प्लगात खोचायचा, वायफायवरून आलेलं गाणं स्पीकरला देणारा एअरपोर्ट एक्स्प्रेस आणला.

जानेवारी २००५मध्ये सोनोस या अमेरिकी कंपनीचं पहिलं यंत्र, झेडपी१००, आलं. ते स्पीकरही नव्हतं. दोन बाजूंना पन्नास-पन्नास वॉटचा अँप्लिफायर. स्पीकर आपले आपण जोडायचे. दोन यंत्रं आणि चक्र फिरवायचा एक रंगीत रिमोट मिळून ११९९ डॉलर. त्याच महिन्यात भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी ताकदीच्या वापरासाठी परवानामुक्त झाला, म्हणजे आपल्याकडे घरगुती वायफायची वाट तेव्हा कुठे मोकळी होत होती.

सोनोसची खुबी अशी की मध्यस्थ संगणक नाही. ग्रुपमधलं एक यंत्र म्होरक्या होतं. ते गाणं आणतं, तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहितं: हा तुकडा माझ्या घड्याळात अमुक वाजता वाजव. बाकीची यंत्रं म्होरक्याला सारखी वेळ विचारतात. प्रश्न जाऊन उत्तर यायला सहा मिलिसेकंद लागले तर तीन वाटेत गेले असं धरायचं. वायफायवर जाताना दोन आणि येताना चाळीस लागू शकतात, मग हा हिशोब चुकतो. म्हणून पुष्कळदा विचारायचं आणि सगळ्यात झटपट आलेल्या उत्तरावर भरवसा ठेवायचा. इंटरनेटवरची घड्याळं १९८५पासून साधारण अशीच लावली जातात. म्हणजे ज्ञान जुनं होतं, ते दिवाणखान्यात आणणं नवं होतं. या फरकावरच पुढे वकिलांची घरं चालली.

घड्याळातला फरक कळल्यावर काय करायचं? आकडे गाळायचे किंवा वाढवायचे. पन्नासाचा फरक असेल तर सेकंदाला दोन-सव्वादोन आकडे, ४४,१००मधले. नीट केलं तर ऐकू येत नाही, धसमुसळेपणाने केलं तर बारीक टिकटिक येते.

ही टिकटिक घरी ऐकली आहे, आणि फाकलेले स्पीकरही, म्हणून लिहितो. हॉलमधल्या जुन्या अँप्लिफायरला एक वायफाय डबी लावली, स्वयंपाकघरात तयार स्पीकर. तानपुरा लावला तर काही कळेना, तबला लावला की ‘धा’च्या मागे अर्धवट ‘धा’. मग मेट्रोनोम लावून पॅसेजच्या बरोबर मध्ये फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग ताणून पाहिलं. प्रत्येक ठोक्याची दोन शिखरं, मध्ये सुमारे चाळीस मिलिसेकंद. डबी बिचारी वेळेवर होती. तिच्या पुढचा अँप्लिफायर आवाजावर स्वतःचे संस्कार करण्यात तेवढा वेळ खात होता, आणि ते डबीला कळण्याचा मार्गच नव्हता. ॲपमध्ये उशीर कमी-जास्त करायची एक पट्टी असते, ती डोळे मिटून सरकवत गेलो. दोन ठोके जवळ येत येत एक झाले तेव्हा कढईतली भाजी लागलेली होती.

२०१५मध्ये गूगलने कोणत्याही स्पीकरला लावायची पस्तीस डॉलरची डबी, क्रोमकास्ट ऑडिओ, आणली, डिसेंबरात तिला अनेक खोल्यांची सोय दिली आणि बाराशे डॉलरची चैन एकदम मध्यमवर्गीय झाली. २०१९च्या जानेवारीत ती बंदही केली. जुन्या वस्तूंच्या बाजारात लोक अजून तिचा माग काढतात, आणि त्यात मीही आहे. हौशी गटांनी आपलं वेगळं चालू ठेवलं: ॲपलच्या एअरपोर्ट एक्स्प्रेसमधली गुप्त किल्ली २०११मध्ये बाहेर निघाली, त्यातून एअरप्लेचं गाणं साध्या संगणकावर घेणारं शेअरपोर्ट; पुढे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारं, अनेक खोल्या जुळवणारं स्नॅपकास्ट. २०१८च्या एअरप्ले-२ने घड्याळ जुळवण्याची पद्धतच बदलली आणि कारखान्यांतल्या, प्रयोगशाळांतल्या उपकरणांसाठी बनलेली जास्त काटेकोर पद्धत घरात आणली.

ब्लूटूथ या सगळ्यात मागे राहिलं, कारण त्याची रचनाच एक फोन-एक स्पीकर अशी होती. अनेकांना एकदम ऐकवायचं मानक (स्टँडर्ड) २०२२मध्ये पुरं झालं. त्यात ‘मिळाल्यापासून इतक्या वेळाने वाजव’ ही सूचना मुळातच आहे.

आता बटणाकडे. २०२०च्या जानेवारीत सोनोसने गूगलवर दावा लावला. आयातीवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकी आयोगाने दोन वर्षांनी पाच पेटंटांचा भंग झाल्याचं ठरवलं, आणि त्यातून बटण गेलं. पण खरा तिढा दुसऱ्या खटल्यात पडला, ‘झोन सीन’ या शब्दावर.

समजा तुम्ही ‘सकाळ’ नावाचा ग्रुप केला: स्वयंपाकघर आणि हॉल. ‘संध्याकाळ’ नावाचा दुसरा: हॉल आणि गॅलरी. हॉल दोन्हींत आहे. दोन्ही ग्रुप साठवलेले आहेत, पण हॉलमधला स्पीकर तुम्ही सांगेपर्यंत आपलं आपलं वाजवतो. नुसता ग्रुप करणं वेगळं, आणि असे एकमेकांवर चढलेले ग्रुप साठवून हवे तेव्हा बोलावणं वेगळं, असं सोनोसचं म्हणणं. २००६च्या पेटंटच्या अर्जात हे होतं का, की नंतर शब्द ताणून बसवलं, हा वाद. मे २०२३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने भंग मान्य केला आणि भरपाईचा हिशोब मांडला: नगामागे २ डॉलर ३० सेंट, सुमारे १ कोटी ४१ लाख नग, मिळून ३ कोटी २५ लाख डॉलर. गूगलने एक स्पीकर अनेक ग्रुपांत ठेवण्याची सोय काढली. ऑक्टोबरात न्यायाधीशांनी ज्यूरीचा निकालच रद्द केला. मूळ अर्ज २००६चा, गूगलने आपली योजना सोनोसला २०१४मध्ये सांगितलेली, माल २०१५पासून बाजारात, आणि हे नेमके मुद्दे सोनोसने पेटंट कार्यालयात मांडले २०१९मध्ये. तेरा वर्षांची ही दिरंगाई माफ नाही, असं त्यांचं मत. सोय परत आली. ऑगस्ट २०२५मध्ये वरच्या न्यायालयाने दिरंगाईचा मुद्दा फेटाळून तो निर्णय फिरवला.

सोनोसने वाट तयार केली आणि मोठ्यांनी ती फुकट वापरली, हे म्हणणं मला पटतं. पण ते पटतं घड्याळांच्या बाबतीत. हॉलला दोन याद्यांत घालणं हा शोध असेल तर आमच्या सोसायटीतले काका गणपती मंडळ आणि भजनी मंडळ दोन्हींत आहेत, त्यांनाही काही मिळायला हवं.

घड्याळं जुळवण्याचा सोनोसचा पेटंटचा अर्ज २००४चा. पेटंटची वीस वर्षं कधीच भरली. हॉलचा वाद त्यानंतरही न्यायालयात होता.