ओट्सचे थंड पेय: शिजवलेले आणि वाटलेले

दालचिनीच्या वासाचे, फ्रीजमध्ये गार केलेले ओट्सचे पांढरट पेय दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी तयार होते. एका पद्धतीत ओट्स पाण्यात व दुधात शिजवून, निववून घुसळतात; दुसऱ्या पद्धतीत कच्चे ओट्स थंड पाण्याबरोबर मिक्सरमधून फिरवून गाळून घेतात. पेल्यात दोन्ही सारखीच दिसतात आणि त्यामुळे एकीची कृती दुसरीला लावली जाते. मीही ही चूक केली आहे. वाटून गाळलेल्या पेयात मसाल्याचा स्वाद उतरावा म्हणून ते दालचिनीच्या तुकड्यासह गॅसवर ठेवले, आणि काही मिनिटांतच पातेल्यात डावाला चिकटणारी खळ तयार झाली.

हा प्रताप ओट्समधील स्टार्चचा. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि द्रव दाट होतो. शिजवलेल्या पेयात हा दाटपणाच हवा असतो, वाटलेल्या पेयात मात्र तो दोष ठरतो. त्यात भर म्हणजे ओट्समध्ये बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू असतो आणि तो पाण्यात उतरला की बुळबुळीतपणा येतो. म्हणून वाटताना पाणी बर्फासारखे गार घ्यावे, मिक्सर २५ ते ३० सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये आणि गाळताना फडके पिळण्याचा मोह आवरावा; पिळून मिळणारा शेवटचा अर्धा पेलाच सगळे पेय चिकट करतो. १०० ग्रॅम ओट्सना एक लिटर पाणी पुरते. झटपट शिजणारे बारीक ओट्स येथे टाळलेले बरे, कारण ते आधीच वाफवून पातळ लाटलेले असल्याने पाण्यात पडताच लिबलिबीत होतात. शिजवण्यासाठी ते चालतात.

शिजवलेल्या पेयाला ओट्स निम्मेच लागतात: एक लिटर द्रवाला, म्हणजे अर्धे पाणी आणि अर्धे दूध, ५० ग्रॅम. आधी पाण्यात दालचिनीचा बोटभर तुकडा आणि तीन-चार लवंगा पाचेक मिनिटे उकळाव्यात, मग ओट्स व दूध घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे ढवळत राहावे. मिश्रण तळाला लागण्याची भीती शेवटच्या पाच मिनिटांत सर्वाधिक असते: तोवर चुरचुरणारे बारीक बुडबुडे मोठे आणि सुस्त होतात, एकेक फुटताना पृष्ठभागावर खळगा उमटतो आणि डावाच्या पाठीवर ओढलेली बोटाची रेघ क्षणभर तशीच राहते. येथे आच बंद करावी, मिश्रण अजून पातळ वाटत असले तरी, कारण ते निवताना आणखी घट्ट होते. मसाले काढून टाकावेत आणि पूर्ण निवल्यावरच मिक्सरमधून फिरवावे.

मसाल्यांचा फरकही उष्णतेशीच निगडित आहे. अख्खी दालचिनी आणि लवंग उकळत्या द्रवात स्वाद सोडतात. गार पाण्यात त्या तासभर पडून राहिल्या तरी फारसे काही हाती लागत नाही. वाटलेल्या पेयात दालचिनीची पूड टाकावी, तर ती आधी वर तरंगते आणि भिजल्यावर स्वतःच चिकट होते. त्यापेक्षा अर्धी वाटी पाण्यात अख्खे मसाले वेगळे उकळून, गाळून, ते पाणी पूर्ण गार करून मिसळावे. वेलचीची पूड आणि किसलेले जायफळ मात्र दोन्हींत अगदी शेवटी घातले तरी चालते. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवत असल्यामुळे साखर कोमट असताना चाखून किंचित जास्त ठेवावी.

पोषणाच्या दृष्टीने दोन्ही पेये एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. शिजवलेल्यात ओट्स सगळेच्या सगळे पोटात जातात आणि दुधातील प्रथिने व कॅल्शियमही मिळते. वाटलेल्यातील बराच तंतू चोथ्याबरोबर गाळणीत राहतो, पण दूध न चालणाऱ्यांसाठी आणि भर उन्हातून आल्यावर घटाघटा पिण्यासाठी मला तेच अधिक पसंत आहे. विकतच्या ओट्सच्या दुधाची गोडी त्यात अपेक्षू नये; तेथे विकरांच्या (एन्झाइम्सच्या) साहाय्याने स्टार्चची साखर केलेली असते.

शिजवलेले पेय उन्हाळ्यात ओट्यावर तासन्‌तास निववू नये, कारण शिजलेल्या धान्यात जंतू झपाट्याने वाढतात. पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये न्यावे. दोन्ही दोन-तीन दिवसांत संपवावीत. वाटलेल्याचा साका खाली बसतो, तेव्हा बाटली हलवूनच ओतावे. शिजवलेले दुसऱ्या दिवशी चमच्याने खाण्याइतके घट्ट झाले असेल, तर त्यात गार दूध घालून पुन्हा घुसळावे.