लेव्हल माणसाची की क्लासची?

1974 च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळात लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू असे तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, होते. चोर पुढच्या वर्षीच्या पुरवणीत आला. तिथून ही कल्पना डावपेचांच्या व्हिडिओ गेम्समध्ये शिरली, पण निवड मात्र लगेच खेळाडूच्या हाती आली नाही. 1990 च्या 'फायर एम्ब्लेम'मध्ये प्रत्येक जण आपला क्लास घेऊनच यायचा. लेव्हल म्हणजे अनुभवाने चढायची पायरी; ती 10 झाल्यावर ठरावीक वस्तू दिली की बढती, एवढंच. 1993 च्या 'ओगर बॅटल'ने तर सरळ विचारलंच नाही: टॅरोची पानं दाखवून प्रश्न केले आणि उत्तरांवरून तुमचा सेनापती कसा असेल ते ठरवलं.

खरी गंमत 1997 च्या 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'ने केली. भरती झालेले शिपाई स्क्वायर किंवा केमिस्ट. स्क्वायर थोडा मुरला की नाइट आणि आर्चर खुले, केमिस्टकडून जादूचे दोन रस्ते. सुरुवातीची निवड इथे हलकी वाटते, कारण केव्हाही बदलता येते. पण लेव्हल वाढताना अंगावर जो क्लास असेल, त्याप्रमाणे ताकद आणि वेग वाढायचा, आणि खेळ हे धड सांगायचा नाही. ज्यांना कळलं त्यांनी उलटा मार्ग काढला: लेव्हल उतरवणाऱ्या सापळ्यावर शिपाई मुद्दाम उभा करायचा, कमी वाढ देणाऱ्या क्लासमध्ये त्याला खाली आणायचं, म्हणजे घट कमी, मग जास्त वाढ देणारा निंजा करून पुन्हा वर चढवायचं. तासन्‌तास हेच. आम्ही याला डावपेच म्हणायचो, खरं तर हिशेबनिसाचं काम होतं.

'लेव्हल' या शब्दाचा घोळ इथेच सुरू होतो. शिपायाची लेव्हल वेगळी, त्याच्या जॉबची (या खेळात क्लासला जॉब म्हणतात) वेगळी.

2010 मध्ये 'टॅक्टिक्स ओगर'ची नवी आवृत्ती आली तेव्हा हा गुंता सोडवायचा म्हणून लेव्हल माणसाकडून काढून क्लासला दिली. लढाईत जे क्लास उतरले त्यांना अनुभव. तो त्या क्लासच्या सगळ्यांचा, बाकावर बसलेल्यांचासुद्धा. यात सोय होती. नवा आर्चर भरती केला तर तो जुन्या आर्चरइतकाच तयार, आणि कोणी मेलं तरी मेहनत वाया जात नव्हती. पण अर्ध्या खेळानंतर एखादा नवा क्लास हाती आला की तो लेव्हल 1 पासून. वीस लढाया जिंकलेला गडी क्लास बदलताच नवशिक्या होई, आणि हत्यारांनाही लेव्हलची अट असल्याने चांगली तलवार हातात धरता येत नसे. मग कोण बदलतो? पहिल्या तासात जे क्लास सैन्यात होते, तेच शेवटपर्यंत राहिले. बदलाला वाव देणाऱ्या नियमाने पहिलीच निवड पक्की केली. बाजू घेणारे म्हणत, सराव लढाया खेळून नवा क्लास वर आणा. माझ्या मते ते करावं लागणं हाच आक्षेप होता.

2019 च्या 'फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस'ने बहुतेकांना सुरुवातीला कॉमनर किंवा नोबल या क्लासमध्ये बसवलं आणि पुढच्या क्लाससाठी लेव्हल 5 ला परीक्षा ठेवली. पास होण्याची टक्केवारी पडद्यावर दिसते. नापास झालात तरी परीक्षेसाठी लागणारी 'सील' नावाची वस्तू खर्च होते.

2022 च्या 'टॅक्टिक्स ओगर: रीबॉर्न'मध्ये लेव्हल पुन्हा माणसाकडे आली. मात्र सगळ्या सैन्याच्या लेव्हलवर एक कमाल मर्यादा बसली, ती कथेबरोबर वाढते. आता तक्रार तिच्यावर आहे.