अभिजात आरपीजी

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, भूमिका-खेळ. संगणकावर किंवा कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर) खेळायच्या अशा खेळांपैकी साधारण १९८० ते २००२ या काळातले, आजही आवडीने खेळले जाणारे गेम. खेळाडू एका पात्राची किंवा चार-सहा जणांच्या टोळीची सूत्रे हाती घेतो. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी आकड्यांत मांडलेली असते. लढून, हिंडून, लोकांशी बोलून अनुभवगुण मिळतात. ते साठले की लेव्हल वाढते आणि काल ज्या राक्षसाने दोन फटक्यांत लोळवले तो आज आपल्या हातून मरतो. एवढ्या वर्णनात शेकडो गेम बसतात. त्यांतले मोजकेच अभिजात का ठरले, हे समजायला या प्रकाराच्या जन्माकडे जावे लागते.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ प्रसिद्ध झाला. कागद, पेन्सिल, अनेक बाजूंचे फासे आणि एक सूत्रधार एवढ्यावर तो चालतो. सूत्रधार फाशांचा हिशेब ठेवतो, जग सांभाळतो आणि खेळाडूने भलतेच काही केले तर त्याचा परिणाम काय, तेही ठरवतो. ‘मी दरवानाशी लढत नाही, त्याच्या मुलीची ख्यालीखुशाली विचारतो’ असे कोणी म्हणाले, तर दरवानाला मुलगी आहे की नाही हे सूत्रधार तिथल्या तिथे ठरवून मोकळा होतो. संगणकाला हे जमत नाही. सूत्रधाराच्या त्या रिकाम्या जागी काय बसवायचे, याचे उत्तर प्रत्येक मोठ्या आरपीजीने आपापल्या परीने शोधले. ज्यांचे उत्तर पटले ते टिकले.

सुरुवातीची उत्तरे हिशेबाची होती. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या शैक्षणिक संगणक-यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी १९७५च्या सुमारास भुयारात उतरून राक्षस मारायचे गेम लिहिले. ‘रोग’ने (१९८०) दर खेपेला नवे भुयार रचले आणि मरणाला माफी ठेवली नाही. अँड्रू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझार्ड्री’ (१९८१) त्याहून खाष्ट. सहा जणांची टोळी खाली गारद झाली तर त्यांची प्रेते तिथेच पडून राहतात. नवी टोळी उभी करून ती वर आणायची. देवळातला जिवंत करण्याचा विधी फसला तर देहाची राख होते, राखेवरचा विधीही फसला तर पात्र कायमचे गेले. नकाशा चौकटीच्या कागदावर आपला आपण काढायचा. आजच्या खेळाडूला हा निव्वळ छळ वाटतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण एक दार उघडताना छातीत धडधड व्हावी, हे ज्या गेमना साधले त्यांत ‘विझार्ड्री’चा नंबर अजून वरचा आहे.

रिचर्ड गॅरियट याने १९८१मध्ये सुरू केलेल्या ‘अल्टिमा’ मालिकेने दुसरी वाट धरली. पहिल्या तिन्ही भागांत शेवटी कोणीतरी दुष्ट संपवायचा असतो. गॅरियटच्या ध्यानात आले की त्या दुष्टापर्यंत पोहोचणारा खेळाडू वाटेत दुकाने लुटतो, गावकरी मारतो आणि तरी शेवटी नायक म्हणून मिरवतो. म्हणून चौथ्या भागात, ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’मध्ये (१९८५), त्याने शेवटचा दुष्टच काढून टाकला. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून अवतारपदाला पोहोचणे, हेच उद्दिष्ट. जादूसाठी लागणाऱ्या वनस्पती विकणारी व्यक्ती आंधळी आहे. पैसे किती ठेवायचे ते खेळाडूने स्वतः टाकायचे. कमी ठेवले तर कोणी अडवत नाही, आरडाओरडा होत नाही, गेम पुढे चालू राहतो. बऱ्याच वेळाने कळते की प्रामाणिकपणाच्या खात्यातून वजावट झाली आहे. पुराणकथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला चित्रगुप्ताची वही ओळखीची असतेच. संगणकाने ती पहिल्यांदा नीट उघडली ती इथे. प्रत्यक्ष खेळायला मात्र हा गेम आता जिकिरीचा आहे. एकेका मंत्रासाठी वनस्पती मोजून मिसळत बसायला मोठी चिकाटी लागते.

जपानमध्ये युजी होरी याने ‘विझार्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या दोन्हींचा अर्क काढून ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) केला. निन्टेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलवरची ती कॅसेट अवघी ६४ किलोबाइटची. चित्रे अकिरा तोरियामाची, संगीत कोइची सुगियामाचे. मेलात तर राजासमोर परत उभे राहायचे, खिशातले निम्मे सोने गेलेले. ‘विझार्ड्री’च्या मानाने ही शिक्षा मायेची. पाठोपाठ १९८७मध्ये हिरोनोबू साकागुचीची ‘फायनल फँटसी’ आली, नोबुओ उएमात्सूच्या सुरावटी घेऊन. जपानी परंपरेने सूत्रधाराच्या जागी कथाकार बसवला: गोष्ट ठरलेली, पात्रे ठरलेली, खेळाडू त्यांच्याबरोबर चालतो. खेळाडूला मोकळीक कमी, हा आक्षेप रास्त आहे. पण ‘फायनल फँटसी ७’मध्ये (१९९७) पहिल्या सीडीच्या शेवटी टोळीतली एरिथ मारली जाते तेव्हा तो आक्षेप कोणाला सुचत नाही, कारण तोवर तिला टोळीत घेऊन, तिच्या लेव्हल वाढवून, तिच्या जखमा भरण्याच्या शक्तीवर विसंबून कित्येक तास गेलेले असतात. लढाईत तिची जागा रिकामी दिसते. तिचे जाणे नुसत्या गोष्टीत राहत नाही, खेळाच्या आकड्यांतही जाणवते.

दोन्ही परंपरांचा सर्वांत सुंदर मेळ ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये (१९९५) आहे. होरी, साकागुची आणि तोरियामा तिघेही त्यात होते. संगीत मुख्यतः यासुनोरी मित्सुदाचे. सुरुवातीला गावची जत्रा. खेळाडू हुंदडतो, टेबलावरचे कोणाचे तरी जेवण खाऊन टाकतो, हरवलेले मांजर परत करतो किंवा करत नाही. पुढे नायकावर राजकन्या पळवल्याचा खटला भरतो आणि साक्षीदार एकामागून एक येऊन जत्रेतल्या याच बारीकसारीक गोष्टी सांगू लागतात. खटल्याने कथेचा प्रवाह फारसा बदलत नाही, तरीही हा प्रसंग खेळलेला माणूस पुढच्या प्रत्येक गेममध्ये दुसऱ्याच्या ताटाला हात लावताना थबकतो. गेम एकदा संपवल्यावर कमावलेली ताकद घेऊन पुन्हा पहिल्यापासून खेळायची सोयही याच गेमने रूढ केली. त्यामुळे त्याचे दहाहून जास्त शेवट बघणे शक्य झाले.

मध्य प्रदेशातल्या इंदुरात मात्र हे गेम या क्रमाने आलेच नाहीत. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा मराठी वस्त्यांत नव्वदीच्या दशकात ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे टीव्हीला जोडायचा, फॅमिकॉमची नक्कल असलेला स्वस्त खोका आणि शेकडो गेम असल्याचा दावा करणारी कॅसेट. तीत मारिओ असे, कॉन्ट्रा असे. आरपीजी जवळजवळ नसेच. तीस-चाळीस तासांचा खेळ जपून ठेवायचा तर कॅसेटमध्ये बॅटरीवर चालणारी मेमरी लागते, आणि त्या स्वस्त कॅसेटमध्ये ती घालणार कोण? मग सायबर कॅफे आले. पण तासाच्या हिशेबाने पैसे मोजून खुर्चीवर बसणाऱ्याला गोळीबाराचा ‘काउंटर-स्ट्राइक’ परवडतो. काल सेव्ह केलेली फाइल आज त्या मशीनवर सापडेल याची हमी नसताना आरपीजी परवडत नाही. अपवाद ‘डायब्लो २’चा (२०००). लॅनवर, म्हणजे कॅफेतले संगणक एकमेकांना जोडून, आठ जण एकत्र खेळू शकत आणि लूट कोणी उचलायची यावरून भांडूही शकत. तो खरा आरपीजी की निव्वळ माउस बडवण्याचा खेळ, यावर जुन्या खेळाडूंत अजून एकमत नाही. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

खऱ्या अर्थाने आरपीजी घरी आला तो आरएनटी मार्गावरच्या चेतक सेंटर, सिल्व्हर मॉल अशा ठिकाणांहून जुळवून आणलेल्या संगणकांबरोबर. ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) पाच सीडींवर होता. एक सीडी मित्राकडे अडकली की कथा तिथेच थांबायची. त्यात विजेचा प्रश्न. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले, कोरब्यासारखी वीजनिर्मितीची मोठी केंद्रे तिकडे गेली आणि मध्य प्रदेशात पुढची काही वर्षे भारनियमनाची गेली. २००३ची विधानसभा निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’ याच मुद्द्यांवर लढली गेली. अशा शहरात ‘फायनल फँटसी ७’ खेळणे म्हणजे जुगारच. भुयारात सेव्ह करायच्या जागा मोजक्या. दोन जागांच्या मध्ये लाइट गेली की तासाभराची मेहनत पाण्यात. ‘बाल्डर्स गेट’मध्ये लढाई चालू नसेल तेव्हा कुठेही सेव्ह करता येते. ‘क्रोनो ट्रिगर’ आणि पोकेमॉनचे गेम लोक एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळत, तिथे तर कोणत्याही क्षणी खेळ गोठवता येई. इथल्या त्या पिढीला अमुक गेम का आवडतो असे विचारले तर कथा, संगीत याआधी सेव्हची सोय सांगणारे भेटतात. समीक्षेत हा निकष कुठे सापडणार नाही, पण त्या वर्षांत तो निर्णायक होता.

भाषेचीही एक गंमत होती. घरात मराठी, गल्लीत हिंदी, पडद्यावर इंग्रजी. संगणक ज्याच्या घरी, त्याच्या मागे दोघे-तिघे उभे. एकाने इंग्रजी संवाद वाचायचा, हिंदीत सांगायचा, आणि उत्तर कोणते निवडायचे यावर सगळ्यांनी वाद घालायचा. एकट्याने खेळायचा गेम अशा रीतीने पुन्हा टेबलाभोवतीच्या मूळ खेळासारखा व्हायचा. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना नेमाने जाणाऱ्या घरांतली मुले संवादांवर जास्त रेंगाळत असतील का, हे सांगता येणार नाही. मला मात्र तसे मानायला आवडते.

या सामूहिक वादांना सर्वांत जास्त खाद्य पुरवले ते ‘फॉलआउट’ने (१९९७). अणुयुद्धानंतर जमिनीखालच्या ‘व्हॉल्ट १३’मध्ये राहणाऱ्या लोकांचे पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते, १५० दिवसांत दुसरी शोधून आणायची. टिम केन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पात्राला सात मूलभूत गुण दिले आणि त्या आकड्यांना जगात वजन दिले. बुद्धी अगदी कमी ठेवली तर नायकाला धड वाक्य बोलता येत नाही, लोक त्याला वेडगळ समजून वागवतात आणि कित्येक कामे त्याला मिळतच नाहीत. उलट बोलण्यात पटाईत पात्र शेवटच्या खलनायकाला गोळी न झाडता हरवू शकते. त्याने निर्माण केलेली नवी जमात वांझ आहे, तिला पुढची पिढीच नाही, एवढे पुराव्यानिशी पटवून दिले की तो स्वतःहून खचतो. त्या पुराव्यासाठी आधी हिंडावे लागते, ऐकावे लागते. दरवानाच्या मुलीचा प्रश्न संगणकाला अजून सुटलेला नव्हता; पण लोक काय काय करून बघतील याचा निर्मात्यांनी इतका पुढचा विचार केला होता की अनेकदा तो सुटल्यासारखाच वाटे.

‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ (१९९९) शब्दांच्या बळावर उभा आहे. क्रिस अव्हेलोन हा त्याचा मुख्य रचनाकार. नायक मरत नाही. शवागारात जागा होतो, स्मृती गेलेली, आणि आपल्याच मागच्या जन्मांनी कोणाकोणाचे काय वाईट केले ते शोधत फिरतो. मरण म्हणजे खेळ संपणे, हा जुना नियम इथे उलटा केला आहे. जे केले ते विसरले म्हणून खात्यातून पुसले जाते का, हा गेमचा गाभ्याचा प्रश्न. लढायांची आखणी सुमार आहे, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. ‘बाल्डर्स गेट २’ (२०००) याच इंजिनावरचा, म्हणजे त्याच मूळ प्रोग्रॅमवर बांधलेला, आणि लढायांत कितीतरी सरस. त्यातले सोबती एकमेकांशी भांडतात, प्रेमात पडतात, पटले नाही तर टोळी सोडून जातात.

‘मॉरोविंड’ (२००२) इथे शेवटचा धरला आहे, कारण त्यानंतर पडद्यावरचा बाण वाट दाखवू लागला. ‘मॉरोविंड’मध्ये माणूस तोंडी पत्ता सांगतो: पूल ओलांडून डावीकडे, मग दोन खडकांमधून. तो वहीत नोंदला जातो आणि खेळाडू चुकतो. कथेला आवश्यक असलेले पात्रही मारता येते. गेम एवढेच कळवतो की आता भाकिताचा धागा तुटला, जुने सेव्ह उघडा किंवा या बिघडलेल्या जगात तसेच राहा.

या गेमचे दोष लपवण्यासारखे नाहीत. जपानी गेममध्ये चार पावलांवर अवचित उद्भवणाऱ्या लढाया, लेव्हलसाठी तेच ते राक्षस तासन् तास मारत बसणे, ‘फायनल फँटसी ७’चे ओबडधोबड इंग्रजी भाषांतर, स्त्री-पात्रांच्या वाट्याला वारंवार येणारी शुश्रूषा किंवा सुटकेची वाट पाहणे.

आज हे बहुतेक गेम सहज मिळतात. ‘बाल्डर्स गेट’ची सुधारित आवृत्ती २०१२मध्ये आली, ‘क्रोनो ट्रिगर’ फोनवर खेळता येतो, आणि ‘विझार्ड्री’च्या २०२४च्या नव्या रूपात नकाशा आपोआप निघतो. परंपरा पुढे चालवणाऱ्यांत लढाई जवळपास वगळून सारा भार बोलण्यावर टाकणारा ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) आणि लारियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) हे ठळक. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘क्रोनो ट्रिगर’ आधी घ्यावा: वीस-पंचवीस तासांत संपतो आणि राक्षस समोर दिसत असल्याने चुकवताही येतात. मग ‘फॉलआउट’. ‘प्लेनस्केप’साठी इंग्रजी वाचनाची सवय हवी, त्यातल्या पात्रांची बोली लंडनच्या जुन्या चोरट्यांच्या भाषेवर बेतलेली आहे आणि पहिले दोन-तीन तास ती कोणालाच नीट कळत नाही.